पुढच्या दाराची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. माळ्याला टेकवतात ती नव्हे, विमानाच्या दाराला लावतात ती. मला चौदा पायऱ्या आहेत, दोन कठडे आहेत, चार चाकं आहेत, आणि डाव्या मागच्या चाकाला एक ब्रेक आहे. तो कधी धरतो, कधी धरत नाही. माझं अर्धं आयुष्य त्या ब्रेकच्या काळजीत गेलं. उरलेलं पंचवीस मिनिटांच्या काळजीत.

माझा जन्म बेलफास्टच्या एका कारखान्यात झाला. तरुणपणी मी एका मोठ्या विमानतळावर होते. तिथे माझ्या पायऱ्यांवरून मंत्री उतरले, नवऱ्यामुली उतरल्या, एकदा तर शर्यत जिंकलेला एक घोडेस्वार आनंदाच्या भरात उड्या मारत उतरला. मग तिथे काचेचे बोगदे आले. माणसं इमारतीतून चालत थेट विमानात जाऊ लागली, त्यांच्या डोक्यावर पाऊस पडेना, आणि मला कुंपणाशी नेऊन उभं केलं. माझ्या खालच्या पायरीला शेवाळ धरलं. तिथून मला उचललं ते ड्रमाकिलच्या लोकांनी.

आयर्लंडच्या पश्चिमेला, समुद्रापासून दोन डोंगर आत, एका सपाट माथ्यावर हा विमानतळ आहे. धावपट्टी एक, इमारत एक, आणि वारा मात्र चहूकडून. माथ्याच्या एका अंगाला ड्रमाकिल गाव, दुसऱ्या अंगाला किलबॅरा. दोन्ही गावांचं फुटबॉलवरून तीन पिढ्यांचं वाकडं. ड्रमाकिलवाले याला ‘आमचा विमानतळ’ म्हणतात. किलबॅरावाले नुसतं ‘डोंगरावरचा’ म्हणतात, कारण निम्मी जमीन त्यांची गेली आणि नाव दुसऱ्याचं लागलं.

इथे माझा ताबा नूलाकडे आला. नूला किलबॅराची. खिडकीत बसून तिकिटं तपासायची तीच, सामान ढकलायची तीच, आणि विमान आलं की पिवळं जाकीट चढवून शिडी लावायची तीच. आल्या दिवशी तिने माझं शेवाळ खरवडलं. चाकांत ग्रीस भरताना ती हळू आवाजात गुणगुणायची:

शुक्रवार माझा सखा, त्याच्या खांद्याला पाऊस
धरून ऱ्हा शिडीबाई, पाय नको गं सोडूस

शुक्रवारच का, ते मला मागून कळलं. तिचा नवरा फिंटन इंग्लंडात लूटनला इमारतींच्या कामावर काँक्रीट ओतायचा. घरी यायचं म्हणजे आधी आगगाडी, मग बोट, मग दोन बस. एकोणीस तास यायला, एकोणीस जायला. त्यामुळे तो दोन महिन्यांतून एकदा यायचा, निम्मा वेळ झोपायचा आणि उठून निघायचा. त्यांची मुलगी ऑर्ला चार वर्षांची होती. बाप दारात दिसला की ती आईच्या कोटामागे लपायची. ‘फोनमधला माणूस आला’ म्हणायची. ती लाजणं सोडेपर्यंत त्याची परतीची बस लागलेली असायची.

अशात बातमी आली की एक स्वस्त विमानकंपनी लूटनहून कुठल्या तरी लहान गावी विमान सुरू करणार आहे. गावं तीन पाहिली होती, त्यांत आमचं एक.

कंपनीचा माणूस आला त्या दिवशी मी थरथरत होते. वारा होताच, पण नुसत्या वाऱ्याने नव्हे. त्याचं नाव हेझलेट. पातळ ओठ, ओला रेनकोट, गळ्यात स्टॉपवॉच. सगळं वरून पाहावं म्हणून तो माझ्याच पायऱ्या चढून वर उभा राहिला, मागोमाग आमचे विमानतळाचे व्यवस्थापक टॉमस गॅराहन चढले. नूला खाली माझा ब्रेक पायाने दाबून उभी होती. म्हणून सगळं बोलणं मी ऐकलं.

“इथून समुद्र दिसतो बघा,” गॅराहन म्हणाले.

“समुद्र तिकीट काढत नाही,” हेझलेट म्हणाला. “मी काल दिवसभर तुमच्या पोस्टात बसलो होतो. येणाऱ्या पत्रांवर कुठल्या शहराचा शिक्का जास्त दिसतो ते पाहत.”

“अरे देवा, ते तुम्ही होय! पोस्टातली मोरीन सांगत सुटलीय की सरकारने करवसुलीचा माणूस धाडलाय. निम्मं गाव गाई लपवून बसलंय.”

हेझलेट हसला नाही. म्हणाला, “दर तिसरं पत्र लूटनचं. माणसं आहेत, ते पटलं मला. धावपट्टी पुरेशी आहे. विमान उतरवण्याचं भाडं कमी आहे. बोगदे नाहीत, ते उत्तम. बोगद्याने एकाच दारातून माणसं जातात. आम्हाला दोन्ही दारांना शिड्या हव्यात, पुढे एक, मागे एक. प्रश्न वेळेचा आहे.”

मग त्याने वेळापत्रक समजावून सांगितलं. मित्रांनो, तोवर मला वाटायचं की माणसांना जेव्हा जायचं असतं तेव्हा विमान निघतं. तसं नसतं. त्याचं एक विमान दिवसाला आठ फेऱ्या करतं. एक फेरी संपली की दुसरी, तिला चिकटून तिसरी. जमिनीवर उभं असलेलं विमान म्हणजे भाकड गाय, असं तो म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळी त्या आठ फेऱ्यांच्या मध्ये एकच फट होती. पाच चाळीसला उतरायचं, सहा पाचला उडायचं.

“पंचवीस मिनिटांत सगळे उतरले पाहिजेत आणि नवे चढले पाहिजेत. त्याहून उशीर झाला, तर वैमानिकांची दिवसभराची कामाची मुदत संपते आणि शेवटची फेरी रद्द होते. तीन शुक्रवार विमान पाठवून बघतो. एकदा तरी पंचवीसच्या आत जमलं पाहिजे.”

“आणि नाही जमलं तर?” नूलाने खालून विचारलं.

“तर मंगळवारी दुपारी मोकळी वेळ आहे. ती घ्या.”

“मंगळवारी दुपारी माझा नवरा गुडघाभर काँक्रीटमध्ये असतो, साहेब. मंगळवारच्या विमानाने घरी येतील ते फक्त कामावरून काढलेले.”

हेझलेटने तिच्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय, ते मला दिसलं नाही.

पहिला शुक्रवार आला. तिकिटं इतकी स्वस्त की दोन्ही गावांतली माणसं शनिवार-रविवार लेकाबाळांना भेटायला लूटनला निघाली होती. विमान वेळेवर उतरलं. मागच्या दाराला माझी धाकटी बहीण लागली, नवी, रंगीत, गावाने वर्गणीतून घेतलेली. पुढच्या दाराला मी. नूलाने ब्रेक दाबला आणि तो धरला. मी श्वास रोखून पहिल्या पावलाची वाट पाहिली.

कुणी आलंच नाही.

उतरणारे सगळे मागून उतरले. चढणारे सगळे मागच्या शिडीपाशी गोळा झाले. एकशे तीस माणसं एका दारातून आणि माझ्यावर एक चिमणी. हेझलेटने स्टॉपवॉच दाबलं. अडतीस मिनिटं.

“माझं काही चुकलं का?” असंच मला वाटत राहिलं. माझा रंग उडालेला, पायऱ्या झिजलेल्या. नूलाला वाटलं की लोकांना कळलं नसेल. दुसऱ्या शुक्रवारी तिने दोरी बांधली, बाण रंगवले आणि ‘पुढच्या दारानेही चला’ असं भोंग्यावर ओरडून सांगितलं. त्याने निराळीच आपत्ती आली. माणसं माझ्या पायथ्याशी आली खरी, पण पाय ठेवीनात.

“तू हो पुढे, शेमस.”

“छे, छे. तू वयाने मोठा. तू हो.”

“मी कुठला मोठा! मास्तर होऊ देत.”

मास्तर म्हणाले, मला मागेच बरं वाटतं. आणि ते सरळ मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागे सगळे गेले. तेहतीस मिनिटं.

त्या संध्याकाळी नूला माझ्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसून राहिली. शेजारी ब्रीजी मुलहर्न येऊन टेकली. ब्रीजी किलबॅराची विधवा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कंबरेतून अधू. तिचे तीन मुलगे लूटनला.

“आजी, हे लोक पुढे का जात नाहीत गं?” नूला रडवेली झाली होती. “एकच शुक्रवार उरलाय. मग मंगळवार.”

“अगं पोरी, तू रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेला डोळे मिटून बसतेस काय?” ब्रीजी म्हणाली. “आपल्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर कोण बसतं? कुणीही नाही. बायका मधल्या बाकांवर, पुरुष मागच्या भिंतीला टेकून, टोपी फरशीवर टाकून तिच्यावर एक गुडघा. पुढे बसला तो शिष्ट. साठ वर्षं फादर ओरडतायत, पुढे या, पुढे या. कुणी गेलंय? आणि तुझ्या भोंग्याचं ऐकून जातील होय?”

नूला उठून उभी राहिली. “आजी, फुटबॉलला कधी कुणी मागे उभं राहतं का?”

“फुटबॉलला? ड्रमाकिलच्या पुढे एक पाऊल टाकायला मिळत असेल, तर आपली माणसं कबरीतून उठून येतील.”

तेवढ्यावरून सगळं ठरलं. नूलाने तिथूनच लूटनला फोन लावला. फिंटनला सांगितलं की तिथल्या दारूच्या गुत्त्यात दोन्ही गावच्या पोरांच्या कानावर घाल: पुढची शिडी किलबॅराची, मागची ड्रमाकिलची. ज्यांची शिडी आधी रिकामी होईल ते गाव जिंकलं.

“पण मी तर ड्रमाकिलचा,” फिंटन म्हणाला.

“मग मागून उतर. माझं काही म्हणणं नाही.”

ती असं म्हणाली, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ हात तसाच फोनवर होता.

तिसऱ्या शुक्रवारी दुपारपासून वारा चढला होता. शिडी लावायला वाऱ्याची एक मर्यादा असते. वारा मोजायच्या यंत्राचा काटा तिच्या अलीकडे दोन बोटं होता. नूलाला माझा ब्रेक आठवला. वाऱ्याने मी विमानाच्या दारापासून सरकले तर माणूस पडेल, या भीतीने तिने पाना घेऊन ब्रेकचा नट आवळला. मग आणखी आवळला. तिसऱ्यांदाही आवळला. मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं, की बाई, बस. पण शिड्या बोलत नाहीत.

माझ्या कठड्याला तिने किलबॅराची भगवी जर्सी बांधली. बहिणीच्या कठड्याला ड्रमाकिलची निळी. दोन्ही वाऱ्यावर फडफडू लागल्या आणि इमारतीच्या काचेआड रांगेत उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे बदलले. कोपराने कोपराला ढोसणं सुरू झालं.

पाच चाळीस. चाकं टेकली. इंजिन थांबलं, नूलाने मला दाराशी भिडवलं. हेझलेटने स्टॉपवॉच दाबलं.

दार उघडलं आणि पहिलं पाऊल पडलं. मग दुसरं. सिमेंटचे डाग पडलेले जड बूट धडधड माझ्यावरून उतरू लागले. कित्येक वर्षांनी माझ्या चौदाही पायऱ्या एकदम वाजल्या. “हला रे हला! निळे पुढे गेले!” पोरं ओरडत होती. नूला पायथ्याशी एका हाताने कठडा धरून उभी होती. ती प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होती, “पुढे चला, थांबू नका.” आमच्याकडे आलेल्या माणसाचा हात हातात घेऊन त्याच्या आईची चौकशी केल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. त्या दिवशी तिने एकाचाही हात धरला नाही.

शेवटून तिसरा जो उतरला, त्याचं पाऊल वरच्या पायरीवर जरा अडखळलं.

काचेआडून ब्रीजीचा आवाज आला, “ए फिंटन! तुझी शिडी मागची रे! फितुरा!”

तो फिंटन होता. आपलं गाव सोडून तो पुढून उतरत होता. चौदा पायऱ्या. दोघांत एका हाताचं अंतर राहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाली, “पुढे चला, थांबू नका.”

“हो, बाई,” तो म्हणाला, आणि चालू लागला. तिचा कठड्यावरचा हात इतका घट्ट होता की मला तो आजही जाणवतो.

दहा मिनिटं झाली. आत झाडलोट झाली. फाटक उघडलं आणि चढणारे सुटले. माझ्याकडे सगळ्यांच्या पुढे होती ब्रीजी. साठ वर्षांत ती पहिल्यांदा पुढच्या रांगेत निघाली होती. पण तिची कंबर! एक पायरी, विसावा. दुसरी पायरी, विसावा. तिच्यामागे सगळं किलबॅरा खोळंबलं. तिला ओलांडून जाईल असा उद्धट माणूस त्या गावात नव्हता. मागच्या शिडीवर निळे भराभर चढत होते. पंधरा मिनिटं. सोळा. नूलाने ओठ चावला. हेझलेटने मान हलवली. मी माझ्या पायऱ्या तिच्या पायाखाली उचलून धरता आल्या तर बघत होते, पण लोखंडाला किती जमणार?

सहाव्या पायरीवर ब्रीजीने मागे वळून पाहिलं. “माझ्या मढ्याची वाट बघताय काय रे, बैलांनो? ड्रमाकिलवाले निम्मे आत गेले! उचला मला!”

दोघांनी हातांची गुंफण करून पाळणा केला, तिला बसवलं आणि झुलवत वर नेलं. ती वरून राणीसारखी हात हलवत होती. तिच्यामागे भगवं गाव पुराच्या पाण्यासारखं चढलं. एकविसावं मिनिट संपता संपता दोन्ही दारं मिटली. कोण जिंकलं, यावर तिथे आजही भांडण आहे.

आता एकच काम उरलं होतं. शिड्या बाजूला घ्यायच्या, की विमान मोकळं. बहीण घरंगळत गेली. नूलाने माझा ब्रेक सोडायला पायाने दट्ट्या उचलू पाहिला.

तो हलेना.

आयुष्यभर ज्याने धरायच्या वेळी दगा दिला, तो सोडायच्या वेळी धरून बसला. तिने तीनदा आवळला होता ना! बावीस मिनिटं. तिने लाथ मारली. तेवीस. गॅराहन धावले, दोघांनी ढकललं, माझी चाकं डांबरावर करकरली. वैमानिक काचेतून बघत होता. कुंपणापलीकडे फिंटन तारेला धरून उभा होता. त्याला आत यायची परवानगी नव्हती. नूला गुडघ्यांवर बसली आणि तिने चाकाजवळ तोंड आणलं. “शिडीबाई,” ती कुजबुजली, “दोन महिन्यांत एकदा. चार वर्षांत किती वेळा भेटली असेल माझी पोर बापाला? सोड गं. आज सोड.”

मग तिने लाथ मारली, पण दट्ट्यावर नव्हे. वरच्या नटावर, टाचेने, तिरकी. मित्रांनो, मी माझ्या अंगातला सगळा गंज पणाला लावला.

कडकन आवाज झाला. मी सुटले.

हेझलेट स्टॉपवॉचकडे बघत चालत आला. “चोवीस मिनिटं पन्नास सेकंद,” तो म्हणाला. “हिवाळाभर शुक्रवार तुमचा. वसंतात पुन्हा बघू.” मग माझ्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाला, “आणि ते दुरुस्त करा.”

विमान उडालं. नूला ग्रीसने माखलेले हात जाकिटाला पुसत कुंपणाकडे गेली. ऑर्ला शेजारणीचं बोट धरून उभी होती. फिंटनला पाहताच ती आईच्या मागे लपली, नेहमीसारखी.

“तिकीट दाखवू का, बाई?” फिंटनने नूलाला विचारलं. ती हसली आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग रडू आवरेना.

“ये गं बाहेर, बाबा आलेत,” ती ऑर्लाला ओढू लागली.

“राहू दे,” फिंटन म्हणाला. तो ओल्या गवतावर खुशाल मांडी घालून बसला. “तिला घाई नको करूस. आज नाही बोलली, तर पुढच्या शुक्रवारी बोलेल.”

त्यानंतर मी बारा हिवाळे काढले. दर वसंतात कंपनीचं पत्र यायचं, दर वसंतात सगळ्यांचे जीव टांगणीला लागायचे, आणि फट कुठेतरी सापडायची. मग नवी विमानं आली. त्यांच्या पुढच्या दारात त्यांची स्वतःचीच शिडी घडी घालून ठेवलेली असते. माझं काम संपलं. मला पुन्हा कुंपणाशी उभं केलं. खालच्या पायरीला शेवाळ आलं. फिंटन कायमचा घरी परतला. ब्रीजी किलबॅराच्या चर्चमागच्या दफनभूमीत विसावली, आणि ऐका, पुढच्या ओळीत.

ऑर्ला आता लूटनच्या इस्पितळात परिचारिका आहे. ती शुक्रवारी येते.

या वर्षी पुन्हा पत्र आलंय. वेळापत्रक नव्याने मांडतायत. एक नवा माणूस येणार आहे. विमानाची घडीची शिडी थंडीत कधी कधी अडकते, आणि ती अडकली की पंचवीस मिनिटं कुठल्या कुठे जातात. म्हणून काल नूला आली. तिचे केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात. तिने ग्रीसचा डबा खाली ठेवला आणि माझं शेवाळ खरवडलं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. ज्या वाटेने तुमची माणसं घरी येतात, त्या वाटेवरचं जे काही असेल, एखादा साकव असेल, फाटकाची बिजागरी असेल, माझ्यासारखी रंग उडालेली शिडी असेल, त्याला तेलपाणी करत जा. आज ते बिनकामाचं दिसेल. पण काम कुठल्या शुक्रवारी पडेल, ते कुणाच्या वहीत लिहिलेलं नसतं.

काल ग्रीस भरून झाल्यावर नूलाने मला कुंपणापासून दोन हात पुढे ओढलं. डोंगरावर वारा होता. तिने पायाने ब्रेक दाबला आणि दोन्ही हातांनी मला जोरात ढकलून पाहिलं.

“धरते अजून,” ती म्हणाली. मग तिने ब्रेक सोडून पाहिला.

सुटलाही.